वाहून आलेले लाकूड आणि घरचे मत्स्यालय

महासागरात दोन ओंडके लाटांवरून वाहत येतात, क्षणभर एकमेकांना भेटतात आणि पुन्हा दूर जातात, हा दृष्टान्त रामायण-महाभारतापासून आपल्या कानांवर आहे. मानवी सहवासाची क्षणभंगुरता सांगण्यासाठी तो योजिला जातो. ते ओंडके पुढे कोणत्या तीराला लागले, कोणी उचलले आणि त्यांचे काय झाले, हे विचारण्याचे काव्याला प्रयोजन नव्हते. आम्हांला मात्र नेमका हाच प्रश्न विचारला जातो. घरोघरच्या दिवाणखान्यांत आता काचेची मत्स्यालये दिसू लागली आहेत. नदीकाठी किंवा समुद्रकाठी फिरावयास गेलेली मुले पाण्याने घासून गुळगुळीत केलेले एखादे वाकडेतिकडे लाकूड उचलून आणतात आणि विचारतात, ‘‘सर, हे माशांच्या पेटीत ठेवू का?’’

आमचे उत्तर ठरलेले आहे : अवश्य ठेवा, परंतु आज नव्हे. या ‘आज नव्हे’चा अर्थ काय, तेच या लेखात सांगावयाचे आहे.

तो सांगण्याची निकड आम्हांला का वाटते, याचे एक उदाहरण देतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबात आजोबा अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या करमणुकीसाठी पलंगासमोर एक मत्स्यपेटी ठेवली होती. नातवाने खाडीच्या काठी सापडलेला एक सुंदर ओंडका आणला, नळाखाली धुतला आणि त्याच संध्याकाळी पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सारे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत होते आणि दिवेलागणीपर्यंत अकरांपैकी चारच उरले. लाकडाच्या छिद्रांत असंख्य बारीक जीव मरून पडलेले होते. ते गोड्या पाण्यात कुजू लागले आणि त्या कुजण्याने पाण्यातील प्राणवायू रातोरात संपविला. आजोबांनी समजूतदारपणाने विषय वाढविला नाही. पण तो मुलगा कित्येक दिवस त्या पेटीकडे फिरकला नाही. हेतू चांगला होता, लाकूडही वाईट नव्हते. उणीव होती ती फक्त सहा-आठ आठवड्यांची.

लाकूड हवेच कशाला?

केवळ शोभेसाठी असते, तर एवढ्या खटाटोपाची शिफारस आम्ही केली नसती. परंतु माशाच्या दृष्टीने चारी बाजूंनी उघडी असलेली काचपेटी ही भयाची जागा होय. त्याला आडोसा हवा असतो. लाकडाच्या ढोलीत तो विसावतो, त्याच्या आडाने आपली हद्द ठरवितो, आणि दुर्बळ मासा दांडग्या माशाच्या नजरेआड होऊ शकतो. लाकडावर हिरवे शेवाळ धरते, ते खरवडून खाणारे मासे त्यावर चरतात. काही जातींचे मासे तर लाकूडही कुरतडतात. एंजलसारखे मासे उभ्या पृष्ठभागावर अंडी चिकटवितात. जावा फर्न आणि अनुबियास यांसारख्या पाणवनस्पती वाळूत न रोवता लाकडालाच दोऱ्याने बांधून वाढविता येतात. नदीच्या तळाशी पडलेले झाड जे कार्य करते, तेच लहान प्रमाणावर हा ओंडका घरात करतो.

ते आले कोठून?

लाकूड हाती घेताच पहिला प्रश्न त्याच्या प्रवासाचा. आमच्या म्हादईचेच पाहा. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या डोंगरांत ती उगम पावते, सत्तरीच्या रानांतून उतरते, पुढे मांडवी या नावाने ओळखली जाते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिने वरच्या रानातून उचललेली फांदी खाली येते, तेव्हा तिने गोडे पाणी, भरतीबरोबर आत शिरणारे खारे पाणी, धक्के, होड्या आणि समुद्र असे सारे काही पाहिलेले असते. आणि लाकूड हे स्पंजाप्रमाणे असल्यामुळे वाटेत जे भेटले, त्यातले थोडेथोडे त्याने पोटात साठविलेले असते.

म्हणून जागेप्रमाणे पारख बदलते. नदीच्या वरच्या भागातील, वाळूच्या पुळणीवर उन्हात पांढरे पडलेले लाकूड सर्वांत निर्धोक. समुद्रकाठचे लाकूड चालते. पण त्यातील मीठ काढावे लागते. बंदराजवळचे, होड्या दुरुस्त होतात त्या परिसरातील लाकूड मात्र कितीही देखणे असले तरी उचलू नये. त्याला डिझेल, डांबर किंवा होडीच्या तळाला लावावयाचा रंग लागलेला असू शकतो. या रंगांत बहुधा तांबे असते आणि तांब्याचा अंशही पाणगोगलगायी व कोळंबी यांना घातक ठरतो. गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी डांबराचे काळे गोळे वाहून येतात, हे येथील वाचक जाणतातच. असा काळा डाग ज्या लाकडावर दिसेल, ते तेथेच ठेवावे. इंदूरकडच्या वाचकांना नर्मदेच्या आणि बडोदेकरांना महीच्या काठी अशी लाकडे मिळतील. त्यांनीही शहराचे किंवा कारखान्याचे सांडपाणी ज्या ठिकाणी मिळते, त्याच्या खालच्या अंगाचे लाकूड वर्ज्य मानावे.

आणखी एक मर्यादा कायद्याची आणि विवेकाची आहे. म्हादई, मोले, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांच्या क्षेत्रातून वाळलेली काटकीही आणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथील सर्वच वस्तूंना संरक्षण दिले आहे. खारफुटीच्या झाडांना हात लावू नये. तसेच पाण्यात बुडालेला ओंडका ओढून काढू नये, कारण तो आधीच कोणाचे तरी घर आहे. काठावर कोरडा पडलेला, लहानसा तुकडा घ्यावा आणि बाकीचे नदीसाठी सोडावे.

लाकडाची पारख

आपल्या डोंगरभागात ओढ्यांच्या डोहांत गेळफळे ठेचून टाकून मासे गुंगवून पकडण्याची जुनी रीत होती. वनस्पतीचा रस माशाला मारू शकतो, हे ज्ञान आपल्या पूर्वजांना पुस्तकांवाचून होते. तेच येथे स्मरावे. कण्हेर, शेर, थोर, काजरा, बिब्बा यांचे लाकूड मत्स्यालयात कदापि घालू नये. खाडीकाठच्या गेवा या झाडाचा चीक तर माणसाच्या डोळ्यांनाही अपाय करतो. चीड, देवदार यांसारखी राळ धरणारी लाकडे टाळावीत. सामानाच्या खोक्यांच्या फळ्या बहुधा याच जातीच्या असतात. उलट, पेरूची जुनी, पूर्ण वाळलेली आणि साल निघालेली फांदी या कामी उत्तम ठरते. ती टणक असते आणि तिचे वळण नैसर्गिकच सुंदर असते.

वाहून आलेल्या लाकडाची जात पुष्कळदा ओळखू येत नाही. अशा वेळी चार परीक्षा कराव्यात. पहिली नखाची : नख दाबल्यावर लाकूड मऊ लागले किंवा भुसा झाला, तर ते आतून कुजलेले आहे. दुसरी नाकाची : कोपऱ्यावर थोडे तासून वास घ्यावा, उग्र, तेलकट, राळेसारखा किंवा आंबूस वास आला, तर ते टाकून द्यावे. तिसरी डोळ्यांची : तासलेल्या जागी हिरवटपणा, चीक किंवा ओल दिसली, तर लाकूड अजून ‘जिवंत’ आहे, ते वर्षभर वाळल्यावाचून उपयोगाचे नाही. चौथी पाण्याची : तुकडा बादलीत टाकून रात्रभर ठेवावा; सकाळी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर त्यात तेल आहे, आणि ते कोणत्याही उपायाने पुरते निघत नाही.

स्वच्छता आणि भिजवण

पारखलेल्या लाकडाची साल पूर्णपणे काढावी, कारण सालीत कीटक राहतात आणि पाण्यात तीच प्रथम कुजते. भुसभुशीत भाग सुरीने कोरून काढावेत. समुद्रातील लाकडाला चिकटलेली टणक कवचे खरवडून टाकावीत. ती चुनखडीची असतात व पाणी जड करतात. लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांच्या जातीच्या जीवांनी केलेल्या लांब नळ्या आत दिसल्या, तर त्या जाड तारेने मोकळ्या कराव्यात. त्यानंतर काथ्याच्या ब्रशाने लाकूड वाहत्या पाण्याखाली घासावे. साबण, सोडा किंवा कपडे धुण्याची पूड यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. जे मीठ आणि तेल लाकूड शोषते, ते साबण का शोषणार नाही?

यानंतर भिजवण. मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात लाकूड बुडवून वर दगड ठेवावा. पहिला आठवडा रोज आणि पुढे एक दिवसाआड पाणी बदलावे. नदीच्या लाकडाला चार ते सहा आठवडे पुरतात. समुद्राच्या जाड ओंडक्याला दोन-तीन महिनेही लागतात. मीठ गेले की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. टबातील पाणी दोन दिवस न बदलता ठेवावे. नंतर त्यातील चमचाभर एका स्टीलच्या ताटलीत व चमचाभर नळाचे साधे पाणी दुसऱ्या ताटलीत घेऊन दोन्ही उन्हात वाळू द्यावे. टबाच्या पाण्याचा पांढरा डाग साध्या पाण्याच्या डागाहून स्पष्टपणे दाट असेल, तर भिजवण चालू ठेवावी. सातवीच्या मुलांना हा प्रयोग इतका आवडतो, की आमच्या विद्यालयाच्या विज्ञान-खोलीत ताटल्यांची रांगच लागते.

गोमंतकात आणि कोकणात याहूनही सोपा मार्ग आहे. येथे पाऊस धो धो पडतो. कौलारू छपराच्या पागोळ्यांखाली ओंडका चार महिने ठेवून द्यावा. मीठ काढण्याचे काम आकाश विनामूल्य करते. मात्र छप्पर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असेल, तर त्याखाली ठेवू नये, कारण त्या पाण्यातून जस्त उतरते.

उकळण

भिजवणीनंतर लाकूड उकळावे. उकळण्याने किडे, त्यांची अंडी आणि बुरशी यांचा नाश होतो, लाकडातील हवा बाहेर पडते आणि रंगद्रव्यही लवकर सुटते. मोठे स्टीलचे पातेले घ्यावे, लाकूड पूर्ण बुडेल इतके पाणी घालावे आणि एक ते दोन तास उकळावे. पाणी चहासारखे झाले की ओतून पुन्हा नवे घ्यावे. असे तीन-चार वेळा करावे. दिवसेंदिवस उकळत ठेवू नये. त्याने लाकडाचे तंतू सैल होतात.

येथे गृहिणींना एक विनंती आहे. जुन्या घरांत एवढे मोठे भांडे म्हणजे तांब्याचा हंडा किंवा बंब. सहज हात त्याकडेच जातो. तांब्याचे भांडे या कामी मुळीच वापरू नये. लाकडातून उतरणारा आम्लधर्मी रस तांबे विरघळवितो आणि लाकूड ते पुन्हा शोषून घेते. प्रेशर कुकरही वापरू नये. भुशाने त्याची वाफेची वाट बुजू शकते. उकळण अंगणात, मोकळ्या हवेत करावी आणि मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. ओंडका भांड्यापेक्षा लांब असेल, तर तो उलटसुलट करून अर्धा-अर्धा उकळावा. मात्र अशा लाकडाची भिजवण अधिक दिवस करावी.

चहाच्या रंगाचे पाणी

लाकडातून उतरणारा तपकिरी रंग पाहून पुष्कळ जण घाबरतात. हा रंग टॅनिनचा असतो. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत हेच द्रव्य असते आणि त्याच्या बळावर कातडी कमावली जाते. बेताच्या प्रमाणात ते माशांना अपायकारक नाही. दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रो ही प्रचंड नदी अशाच काळसर तपकिरी पाण्याची आहे आणि आपण हौसेने पाळतो त्या कार्डिनल टेट्रा माशाचे ते माहेर आहे. पाणी नितळच हवे असेल, तर दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा.

परंतु टॅनिन पाण्याला थोडे आम्लधर्मी करते, आणि येथे आपापल्या गावचे पाणी ओळखावे लागते. गोव्याच्या जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी मृदू असते. अशा पाण्यात आम्लता रोखून धरणारे क्षार अल्प असल्याने त्याचा सामू, म्हणजे आम्लता दाखविणारा आकडा, लवकर खाली येतो. माळव्यातील किंवा हैदराबादेकडील कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. तेथे तेच लाकूड घातले, तरी सामू फारसा हलत नाही. म्हणून गोव्यातील वाचकांनी पहिला महिना दर चार दिवसांनी सामू तपासावा. त्याच्या पट्ट्या शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते. मृदू पाण्याच्या लहान पेटीत त्यांच्यासाठी मोठा ओंडका घालू नये.

बुडविणे आणि अखेरची परीक्षा

लाकूड तरंगते ते त्यातील हवेमुळे. लाकडाचे मूळ द्रव्य पाण्याहून जडच असते. पोकळ्यांतील हवेची जागा पाण्याने घेतली, की ओंडका आपोआप तळाशी बसतो. धीर नसेल, तर तो पाटीच्या किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्याला नायलॉनच्या दोऱ्याने बांधावा. स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्पा वापरण्याचा मोह अनेकांना होतो; पण कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने तो पाणी जड करतो. कोणत्याही दगडावर लिंबाचा रस पिळावा; फेस आला, तर तो दगड मत्स्यालयाचा नव्हे. ओंडका काचेच्या दोन भिंतींमध्ये घट्ट बसवू नये, कारण पाण्याने फुगलेले लाकूड काच तडकवू शकते.

अखेरची परीक्षा बादलीत करावी. तयार झालेले लाकूड पेटीतीलच पाण्यात दोन आठवडे ठेवावे. वास, तवंग, बुळबुळीतपणा आणि सामू यांची नोंद वहीत करावी. ‘एक मासा सोडून पाहू’ असे कोणी सुचविले, तर त्यास नकार द्यावा. मासा हा आपल्या आश्रयाला आलेला जीव आहे. त्याला परीक्षानळी करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पेटीत ठेवल्यावर पहिले दोन-तीन आठवडे लाकडावर पांढरट, कापसासारखा थर येतो. ती बुरशी व सूक्ष्मजीव होत; सहसा ते निरुपद्रवी असतात, ब्रशाने काढता येतात आणि कालांतराने नाहीसे होतात. परंतु सडलेल्या अंड्यासारखा वास आला, किंवा मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता लाकूड बाहेर काढावे, तिसरा हिस्सा पाणी बदलावे (नळाचे पाणी क्लोरिनविरहित करून) आणि हवेचा पंप चालू ठेवावा.

मुलांच्या हाती

हे सारे वाचून कोणी म्हणेल, दुकानात तयार लाकूड मिळत असता एवढे कष्ट कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्यांना सवड नाही, त्यांनी दुकानातूनच आणावे आणि तेही भिजवूनच वापरावे. पण ज्या घरात मुले आहेत, तेथे हा खटाटोप करण्याजोगा आहे, असे आमचे तीस वर्षांच्या अध्यापनानंतरचे मत आहे. आजच्या मुलाला मागितलेली वस्तू लगेच हाती येण्याची सवय झाली आहे. रोज शाळेतून आल्यावर टबातील पाणी बदलणे, रंग किती फिका झाला ते लिहिणे आणि ‘अजून नाही’ हे स्वतःच्या निरीक्षणावरून स्वतःलाच सांगणे, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही. तो थांबतो, तेव्हा कोणाच्या धाकाने नव्हे, तर न बोलणाऱ्या एका जीवासाठी थांबतो.

सोयीसाठी एक वेळापत्रक सुचवितो. नदीचे लाकूड चतुर्थीच्या सुटीत उचलावे, दिवाळीपर्यंत भिजवावे, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास उकळावे, नंतर दोन आठवडे बादलीत ठेवावे आणि मग पेटीत सोडावे. समुद्राचे लाकूड उचलले असेल, तर संक्रांतीपर्यंत तरी थांबावे. बादलीवर मुलाच्या हस्ताक्षरात तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. घाई करणारा पहिला माणूस बहुधा घरातला वडीलधाराच असतो. त्यालाही ती तारीख दिसलेली बरी.